दान आणि दाम

गरिबाच्या हाती भाकरी ठेवणे ही एक गोष्ट. त्याच्या घरी भाकरी का नाही, असा प्रश्न विचारणे ही दुसरी. पहिलीला आपण दानधर्म म्हणतो. दुसरीला अर्थशास्त्र म्हणतो, क्वचित राजकारणही म्हणतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडल्याचे सहसा दिसत नाही. दान करणारा प्रश्न विचारीत नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी त्याच्या स्वतःच्याच तिजोरीपाशी येऊन थांबते. प्रश्न विचारणारा गरिबाच्या दारी जात नाही, कारण गरिबी त्याला ठाऊक असते ती आकडेवारीतून. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांना हा दुसरा दोष अधिक लागू पडतो, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये होऊन गेलेले फ्रेदेरिक ओझानाम हे या नियमाला अपवाद होते. पेशाने प्राध्यापक, वृत्तीने विद्वान आणि श्रद्धेने कॅथलिक असलेल्या या गृहस्थाला अवघे चाळीस वर्षांचे आयुष्य लाभले. विसाव्या वर्षी त्यांनी काही मित्रांसह एक लहानसे मंडळ सुरू केले. हे मंडळ धर्मगुरूंचे नव्हते, संन्याशांचे नव्हते, प्रापंचिकांचे होते. तेच पुढे ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’ या नावाने जगभर पसरले. आज सुमारे दीडशे देशांत तिचे काम चालते. मुंबईतील आणि गोव्यातील अनेक चर्चमध्ये तिच्या शाखा आहेत. मात्र ज्यांना ही संस्था ठाऊक आहे, त्यांनाही तिच्या या संस्थापकाने मजुरीच्या प्रश्नावर केलेला विचार फारसा परिचित नसतो. त्या विचारासह ओझानाम यांचे चरित्र पाहिले, तर सेवामंडळात सामील होणे म्हणजे नेमके काय, याचा वेगळाच उलगडा होतो.

रेशमाचे शहर

ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी झाला. ते शहर त्या वेळी नेपोलियनच्या अमलाखाली होते. वडील एके काळी नेपोलियनच्या सैन्यात अधिकारी होते. पुढे ते डॉक्टर झाले. नेपोलियनचे साम्राज्य कोसळल्यानंतर १८१६ मध्ये हे कुटुंब फ्रान्समधील ल्यों येथे परतले. आईवडिलांना चौदा अपत्ये झाली. परंतु मोठी होऊन संसाराला वा व्यवसायाला लागली ती केवळ तीन. मृत्यू आणि आजार यांची ओळख फ्रेदेरिक यांना बालपणीच झाली. वडील गरीब रुग्णांकडे पैशांची अपेक्षा न ठेवता जात. १८३७ मध्ये अशाच एका गरीब रुग्णाला पाहण्यासाठी गेले असता ते जिन्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. गरिबाघरचा जिना चढणे ही ओझानाम यांच्या घरातली रीतच होती.

ल्यों हे रेशमाचे शहर. जॅकार्डचा प्रसिद्ध माग याच शहरात जन्मला. तेथील रेशीमधंद्याची घडी अशी होती : कच्चे रेशीम व्यापाऱ्याचे, माग विणकराचा, आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर. विणकर आपल्या घरातच माग मांडून बसे. पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे कुटुंब कामाला जुंपलेले असे. बाजारात मंदी आली की व्यापारी मजुरीचा दर खाली आणी, आणि विणकराला तो मुकाट्याने स्वीकारावा लागे. १८३१ च्या ऑक्टोबरात विणकरांनी सरकारी प्रतिनिधीच्या मध्यस्थीने किमान दरांचा एक तक्ता ठरवून घेतला. अनेक व्यापाऱ्यांनी तो मानण्यास नकार दिला. नोव्हेंबरात विणकरांनी बंड केले. काही दिवस सारे शहर त्यांच्या हाती होते. अखेरीस लष्कर आले आणि दरांचा तो तक्ता रद्द झाला. १८३४ मध्ये पुन्हा उठाव झाला आणि पुन्हा तो रक्तात बुडविण्यात आला.

कारखानदारीच्या युगातील कामगारांच्या पहिल्या मोठ्या उठावांमध्ये ल्योंच्या या बंडांची गणना होते. ओझानाम या शहरात लहानाचे मोठे झाले. १८३१ च्या त्याच नोव्हेंबर महिन्यात ते कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेले होते. परंतु मजुरीच्या दरावरून माणसे प्राणावर उदार होतात, ही गोष्ट त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

सहा विद्यार्थी

पॅरिसमध्ये त्यांना आश्रय मिळाला तो आंद्रे-मारी अँपिअर यांच्या घरी. विद्युत्प्रवाहाच्या एककाला ज्यांचे नाव दिले गेले, तेच हे शास्त्रज्ञ. मूळचे ल्योंकडचेच असल्याने त्यांनी या तरुणाला घरच्या मुलासारखे वागविले. पॅरिसच्या विद्यापीठात तेव्हा धर्माची टवाळी करणे हे बुद्धिमत्तेचे लक्षण मानले जाई. ओझानाम वादविवादात तरबेज होते. सेंट-सायमनच्या समाजवादी पंथावर टीका करणारी एक पुस्तिका त्यांनी अठराव्या वर्षीच लिहिली होती. पॅरिसमध्ये एमान्युएल बाई या ज्येष्ठ पत्रकाराच्या आश्रयाखाली विद्यार्थ्यांचे एक अभ्यासमंडळ चाले. तेथे इतिहासावर आणि धर्मावर चर्चा होत, आणि विरोधी मताच्या विद्यार्थ्यांनाही मुक्तद्वार असे.

अशाच एका चर्चेत प्रतिपक्षाच्या एका विद्यार्थ्याने रोखठोक प्रश्न टाकला. ख्रिस्ती धर्माने पूर्वी थोर कार्य केले असेल. पण आज या शहरातल्या गरिबांसाठी तुम्ही स्वतः काय करता, असा त्याचा आशय होता. १८३२ च्या पटकीच्या साथीत एकट्या पॅरिसमध्ये अठरा हजारांहून अधिक माणसे मेली होती, आणि त्यांतील फार मोठा भाग गरीब वस्त्यांतला होता. त्या पार्श्वभूमीवर हा प्रश्न ओझानाम यांच्या जिव्हारी लागला. याला वादाने उत्तर देता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. प्रतिपक्षाचा प्रश्न बिनतोड आहे हे मान्य करून स्वतःचे वर्तन बदलणारे वादपटू विरळा. ओझानाम त्या विरळांपैकी होते.

२३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशी, बाई यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत सहा विद्यार्थी एकत्र आले. वयाने मोठे असलेले बाई अध्यक्षस्थानी बसले. पैसा नव्हता, अनुभव नव्हता. मूफतार रस्त्याच्या परिसरातील दरिद्री वस्तीत सिस्टर रोझाली रँदू नावाच्या धर्मभगिनी अनेक वर्षे काम करीत होत्या. त्या वस्तीतले घर अन् घर त्यांना ठाऊक होते. विद्यार्थी त्यांच्याकडे गेले. कोणत्या कुटुंबाकडे जावे, कसे बोलावे, काय पाहावे, हे त्यांनी या तरुणांना शिकविले. भाकरीच्या आणि सरपणाच्या चिठ्ठ्याही सुरुवातीला त्यांच्याकडूनच मिळाल्या. या चिठ्ठ्या घेऊन तरुणांनी वस्तीतले जिने चढण्यास आरंभ केला.

पद्धत साधी होती. प्रत्येकाने ठराविक कुटुंबांकडे नियमाने जावयाचे. शक्यतो दोघांनी मिळून जावयाचे. मदत वस्तूंच्या रूपाने द्यावयाची. दर आठवड्याला एकत्र जमून कोणाची काय अडचण आहे याचा विचार करावयाचा, आणि सभा संपताना आपल्यांतच वर्गणीची पेटी फिरवावयाची. राजकारण मंडळाच्या उंबरठ्याबाहेर ठेवावयाचे. १८३४ मध्ये सतराव्या शतकातील सेवाव्रती धर्मगुरू संत व्हिन्सेंट डी पॉल यांना मंडळाचे आश्रयदाते मानण्यात आले. १८३५ मध्ये लेखी नियम झाले. मग नीम, ल्यों, रोम अशा शहरांत शाखा निघाल्या. ओझानाम यांनी मुख्य अध्यक्षपद कधीच भूषविले नाही. आपण अनेकांपैकी एक आहोत, हीच त्यांची भूमिका अखेरपर्यंत होती.

या पद्धतीत देणाऱ्याचेही शिक्षण होते. देणगी पाठविणाऱ्याला पावती मिळते. स्वतः जाणाऱ्याला माणूस भेटतो. चिठ्ठी देऊन परतणाऱ्या विद्यार्थ्याला हेही दिसे की, या घरातला कर्ता पुरुष आळशी नाही. तो काल कामावर होता, उद्याही जाणार आहे, आणि तरीही घरात सरपण नाही. येथून पुढचा प्रश्न दानाचा राहत नाही. तो दामाचा होतो.

मजुरी म्हणजे काय?

ओझानाम यांनी कायद्याची आणि साहित्याची अशा दोन्ही डॉक्टरेट मिळविल्या. साहित्यातील त्यांचा प्रबंध दान्तेवर होता. १८३९ च्या अखेरीस ल्यों शहराने व्यापारी कायद्याचे एक अध्यासन निर्माण केले आणि त्यावर ओझानाम यांची नेमणूक झाली. ज्या शहरात पाच वर्षांपूर्वी विणकरांवर तोफा चालल्या होत्या, त्याच शहरात, व्यापारात शिरणाऱ्या तरुणांसमोर, त्यांना व्यापाराचा कायदा शिकवावयाचा होता. हुंड्या आणि भागीदारीचे करार समजावून देऊन ते थांबले असते, तरी कोणी बोल लावला नसता. परंतु या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानात त्यांनी मजुरीचाच प्रश्न हाती घेतला. त्याच्या नोंदी त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

त्या काळचे प्रस्थापित अर्थशास्त्र काय सांगत होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १८१७ मध्ये रिकार्डो यांनी मांडले होते की, श्रमाची नैसर्गिक किंमत म्हणजे कामगाराला स्वतः जगता येईल आणि कामगारांची संख्या टिकून राहील एवढी रक्कम. रूढी आणि सवयी यांनुसार ती कमीअधिक होते, हेही त्यांनी म्हटले होते. तथापि त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी या सिद्धांताचा अर्थ असा लावला की, मजुरी पोटापुरतीच राहावयाची, आणि त्यात कोणी हात घालू नये. वर्गात हा सिद्धांत शिकविताना विद्यार्थी तो निमूटपणे उतरवून घेतात. पोटापुरती म्हणजे नेमकी किती, असे क्वचितच कोणी विचारतो.

ओझानाम यांनी ते विचारले. त्यांच्या मांडणीचे सार असे की, कामगार आपल्या कामात तीन गोष्टी घालतो : आपली इच्छाशक्ती, आपले शिक्षण वा कौशल्य, आणि आपले बळ. म्हणून मजुरीतूनही तीन गोष्टी भागल्या पाहिजेत. पहिली, जगण्याच्या आवश्यक गरजा. दुसरी, कौशल्य मिळविण्यासाठी जे भांडवल खर्ची पडले त्याची भरपाई. म्हणजेच मुलांच्या शिक्षणाची सोय. तिसरी, शरीराचे बळ दरवर्षी झिजते, तेव्हा म्हातारपणासाठी बाजूला पडणारी रक्कम. यंत्र झिजते म्हणून कारखानदार घसारा धरतो. माणूसही झिजतो, तर त्याचा घसारा कोणी धरावयाचा, असाच या तर्काचा रोख होता. आज नोकरदार वर्ग ज्याला भविष्यनिर्वाह निधी म्हणतो, त्याचे तत्त्व ल्योंच्या या अध्यापकाने १८४० च्या सुमारास मजुरीच्या व्याख्येतच बसविले होते. जेथे मालक कामगाराला सहकारी न मानता केवळ साधन मानतो, तेथे शोषण सुरू होते, असेही त्यांनी स्पष्टपणे मांडले.

मार्क्स आणि एंगल्स यांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला तो १८४८ च्या फेब्रुवारीत. पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या न्याय्य मजुरीवर परिपत्रक काढले ते १८९१ मध्ये. ओझानाम हे मार्क्सवादी नव्हते. खासगी मालमत्ता त्यांना मान्य होती आणि वर्गयुद्ध अमान्य होते. परंतु मजुरी हा केवळ बाजाराचा भाव नसून न्यायाचा प्रश्न आहे, हे त्यांनी या दोन्ही दस्तऐवजांच्या आधी सांगितले.

बॅरिकेडच्या दोन्ही बाजूंना

१८४० मध्ये ओझानाम पॅरिसच्या अध्यापन-स्पर्धेत पहिले आले आणि सॉरबॉन येथे परकीय साहित्य शिकवू लागले; १८४४ मध्ये ते तेथे पूर्ण प्राध्यापक झाले. १८४१ मध्ये अमेली सुलाक्रुआ यांच्याशी त्यांचा विवाह झाला; १८४५ मध्ये मारी ही कन्या झाली. प्रपंच, अध्यापन, संशोधन या साऱ्यांतून गरिबांच्या घरी जाण्याचा नेम सुटला नाही. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. नववर्षाच्या दिवशी त्यांना एका कुटुंबाने गहाण टाकलेले खणांचे कपाट सोडवून द्यावेसे वाटले. पत्नीने व्यवहाराचा विचार सांगितल्यावरून त्यांनी तो बेत सोडला. संध्याकाळी घरी आपल्या मुलीभोवती पडलेली खेळणी पाहून त्यांना चैन पडेना. ते उठले, गेले आणि कपाट सोडवून देऊन मगच परतले.

१८४८ च्या फेब्रुवारीत राजसत्ता कोसळून प्रजासत्ताक आले. त्याच्या थोडे आधीच ओझानाम यांनी आपल्या धर्मबांधवांना राजेरजवाड्यांची बाजू सोडून सामान्य जनतेच्या बाजूला जाण्याचे आवाहन केले होते, आणि त्याबद्दल श्रीमंत कॅथलिकांचा रोषही ओढवून घेतला होता. एप्रिलमध्ये लाकोर्देर आणि मारे या धर्मगुरूंसह त्यांनी ‘नवे युग’ या अर्थाच्या नावाचे दैनिक सुरू केले. निवडणुकीलाही ते उभे राहिले. कामगारांच्या, तसेच कामगार आणि उद्योजक यांच्या, स्वेच्छेने स्थापन होणाऱ्या सहकारी संस्था आणि बेकारांना आधार देणारी सरकारी कामे यांचा त्यांनी पुरस्कार केला. निवडणुकीत ते हरले.

मग जून आला. बेकारांसाठी उघडलेल्या राष्ट्रीय कर्मशाळांत एक लाखाहून अधिक माणसे नोंदली गेली होती. खर्च परवडत नाही म्हणून सरकारने त्या मोडीत काढल्या आणि २३ जूनला पूर्व पॅरिसमध्ये बॅरिकेड उभे राहिले. ओझानाम त्या वेळी राष्ट्रीय रक्षकदलात होते. म्हणजे ज्या वस्त्यांतले जिने ते पंधरा वर्षे चढत आले होते, त्याच वस्त्यांच्या विरुद्ध बाजूला ते बंदूक घेऊन उभे होते. त्यांच्या आयुष्यातील ही सर्वांत कठीण घटका म्हटली पाहिजे, आणि त्यांच्या चरित्रकाराने ती झाकू नये.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी ते दोन सहकाऱ्यांसह पॅरिसचे आर्चबिशप आफ्र यांच्याकडे गेले आणि मध्यस्थीची कल्पना मांडली. आर्चबिशप तयार झाले, सेनापती काव्हेन्याक यांना भेटले आणि २५ जूनच्या संध्याकाळी बॅरिकेडपाशी पोहोचले. गोळीबार थांबला होता. तो अकस्मात पुन्हा सुरू झाला. आर्चबिशपना गोळी लागली आणि २७ जूनला त्यांचे निधन झाले. उठाव चिरडला गेला. हजारो माणसे मेली आणि हजारो पकडली गेली. सद्हेतूने सुचविलेल्या कल्पनेपायी एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या धर्मगुरूचा बळी गेला, हे दुःख ओझानाम यांना जन्मभर पुरले.

एखादा मनुष्य अशा अनुभवानंतर सार्वजनिक प्रश्नांतून अंग काढून घेता. ओझानाम यांनी उलट केले. त्या वर्षीच्या शरद ऋतूत त्यांनी आपल्या दैनिकातून सुखवस्तू वर्गाला बजावले की, बंड मोडले म्हणजे दारिद्र्य मोडले असे नव्हे. गरीब वस्त्यांतील तळघरे, रोजगार बुडालेले कारागीर आणि उपाशी मुले यांचे वर्णन त्यांनी स्वतः पाहून केले. धर्मगुरूंना, धनिकांना आणि लोकप्रतिनिधींना त्यांनी वेगवेगळे जबाबदार धरले. वर्गणीदार दुरावत गेले. १८४९ च्या एप्रिलमध्ये दैनिक बंद पडले.

अपुरे आणि पुरे

यापुढे प्रकृती ढासळत गेली. मूत्रपिंडाच्या विकाराने ते जर्जर झाले. १८५२ मध्ये, आजारी असतानाही, विद्यार्थी व्याख्यानाची वाट पाहत आहेत हे कळताच ते अंथरुणातून उठून सॉरबॉनला गेले. ते त्यांचे शेवटचे व्याख्यान ठरले. प्रकृतीसाठी ते स्पेनच्या सीमेकडे आणि मग इटलीत राहिले. तेथेही गावोगावच्या शाखांना भेटी देणे चालूच होते. परतीच्या वाटेवर मार्सेय येथे ८ सप्टेंबर १८५३ रोजी त्यांचे निधन झाले. १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसमध्ये त्यांना ‘धन्यवादित’ म्हणून घोषित केले.

त्यांच्या कार्याचा हिशेब कसा मांडावयाचा? भाकरीच्या चिठ्ठ्यांनी पॅरिसची मजुरी एका पैशानेही वाढली नाही. त्यांच्या मजुरीविषयक व्याख्यानाने ल्योंच्या व्यापाऱ्यांनी दर सुधारले नाहीत. प्रचंड संस्था उभी राहिली, परंतु तिने दानाचा वारसा जितका जपला, तितका दामाच्या प्रश्नाचा जपला असे म्हणता येत नाही. राजकारण उंबरठ्याबाहेर ठेवण्याच्या नियमाने ती टिकली, आणि त्याच नियमाने तिच्या आवाजाला मर्यादाही पडली. पुढे १८६१ मध्ये फ्रान्सच्या सम्राटाच्या सरकारला तीही डोईजड वाटली आणि तिचे मध्यवर्ती मंडळ विसर्जित करण्यात आले, हा इतिहासाचा उपरोध आहे.

असे असूनही एक गोष्ट उरते. मजुरीचा सिद्धांत ओझानाम यांना ग्रंथालयात सुचला नाही. तो चिठ्ठी घेऊन चढलेल्या जिन्यावर सुचला, आणि ग्रंथालयात पक्का झाला. रिकार्डो यांच्या हिशेबातून म्हातारपण आणि मुलांची शाळा गळत होती. ज्याने म्हातारा विणकर आणि शाळेत न जाणारे त्याचे नातवंड प्रत्यक्ष पाहिले होते, त्याच्या हिशेबातून ती गळणे शक्य नव्हते. जवळून पाहणे हे न्यायाला पर्याय नाही. पण न्यायाच्या मागणीत नेमके काय मागावयाचे, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून सेवामंडळात नाव नोंदविणाऱ्या तरुणाला हसणे बरोबर नाही, आणि त्याने तेवढ्यावर समाधान मानणेही बरोबर नाही. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी दारी जाणे हा आरंभ आहे. परतताना, या घरातल्या कर्त्या माणसाला महिन्याकाठी मिळते किती आणि त्यात काय भागते, हा प्रश्न घेऊन यावयाचे असते. पॅरिसमधील त्या कचेरीत १८३३ साली जमलेल्यांत कोणी मंत्री नव्हता, कारखानदार नव्हता. एक पत्रकार होता आणि सहा विद्यार्थी होते. त्यांतील एक पुढे प्राध्यापक झाला. अशी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत.